चिखल कुठला, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न, पेठ रोडवरच्या गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. घोटीच्या पुढे वैतरणेच्या रस्त्याला आमचं शेतावरचं पर्यटन आहे. खाली चार खोल्या, वर टेकाडावर तंबू आणि मधे भाताची खाचरं. तीन वर्षांपूर्वी एक वापरलेली पोलारिस स्पोर्ट्समन ५७० घेतली, म्हणजे एटीव्ही, मोटारसायकलसारखं हँडल असलेली शेतातली चारचाकी. पावसाळ्यात तंबूवर किराणा, सिलिंडर, गाद्या न्यायच्या तर तिच्याशिवाय दुसरं काही चढत नाही. टायर कंपनीचेच आहेत, पुढे २५×८-१२, मागे २५×१०-१२. गेल्या श्रावणात खालच्या बांधाच्या वळणावर पाच वेळा रुतली. माझा भाऊ म्हणतो, २८ इंची चिखलाचे टायर टाक, दोन इंची दातांचे, मग कुठेच अडकायची नाहीस. त्याची निफाडला द्राक्षबाग आहे, छाटणीच्या दिवसांत गाडी तिकडे नेतो. २८ टाकू, २७ टाकू की आहे तेच राहू देऊ? खर्च एकदाच करायचाय.
(एक वाचक, ता. इगतपुरी)

उत्तर : ताई, तुम्ही गाडीचं नाव लिहिलंत, मापं लिहिलीत, किती वेळा रुतली तेही मोजून ठेवलंत. निम्मे लोक मला नुसतं ‘मोठी गाडी आहे, मोठे टायर पाहिजेत’ एवढंच लिहितात. फक्त एक गोष्ट राहिली. रुतली तेव्हा चाक खाली जाऊन कशावर तरी टेकलं होतं, की टेकलंच नव्हतं?

हसू नका, सगळं उत्तर त्यातच आहे. तुमच्याकडच्या खाचरात वर्षानुवर्षं चिखलणी होते. वरचा थर लोण्यासारखा, पण त्याखाली, साधारण सहा-आठ इंचांवर, नांगराचा तळ आणि माणसाबैलांचे पाय यांनी दाबून दाबून एक कडक थर झालेला असतो. पाणी त्या थरावर अडतं म्हणून तर भात उभा राहतो. अशा चिखलात उंच आणि जरा अरुंद टायर बरा. तो लोणी कापत खाली जातो, खालच्या थराला दात टेकवतो आणि गाडी पुढे ओढतो. रुंद टायर तिथे वरच तरंगतो आणि जागच्या जागी गरगरतो.

निफाडचं प्रकरण अगदी उलटं. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, दोन पावलं चाललात की चपलेला पावशेर माती येते. तिच्यात खाली टेकायला काही नसतं. जितकं चाक फिरवाल तितकं ते खाली जातं आणि शेवटी गाडी पोटावर बसते, चारही चाकं हवेत असल्यासारखी फिरत राहतात. तिथे रुंद टायर, कमी हवा आणि हलका हात पाहिजे. दोन इंची दातांचा टायर काळ्या मातीत म्हणजे खड्डा खणायचं यंत्रच. भाऊरायांना माझा नमस्कार सांगा, पण २८ चा हट्ट त्यांनी स्वतःच्या गाडीवर करावा.

आता काठी घ्या. फावड्याचा दांडा चालेल. श्रावणात जिथे रुतली त्या वळणावर, पाऊस चांगला चालू असताना, पाच-सहा ठिकाणी खुपसून बघा. दांडा सहा-आठ इंचांवर ठक्क करून थांबला तर तुमचा प्रश्न टायरने सुटेल. कोपरापर्यंत आत गेला तर तो टायरचा प्रश्नच नव्हे. तिथे दोन ट्रॉल्या मुरूम आणि बांधाला पाण्याची वाट, एवढंच करा. टायरच्या पैशात ते सहज होईल आणि वर पैसे उरतील. इगतपुरी तालुक्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तेवढ्या पाण्याशी टायर किती भांडणार?

थर लागला असं धरून पुढे सांगतो. २७ घ्या. पुढे २७×९-१२, मागे २७×१०-१२ मिळाला तर तो, नाहीतर ११. रिम तीच राहील, कारण शेवटचा आकडा रिमचा, १२ इंच. पहिला आकडा टायरची उभी उंची, मधला रुंदी. दात एक ते सव्वा इंच पुरे. दातांच्या उंचीपेक्षा दातांमधली मोकळी जागा बघा. तिथे चिखल अडकला की तो पुढच्या फेरीला उडून गेला पाहिजे. अंतर कमी असेल तर भरलेला टायर लाडूसारखा गोल गुळगुळीत होतो आणि तुम्ही पैसे कशाचे दिले तेच दिसत नाही. सहा प्लायचा, म्हणजे सहा थरांच्या ताकदीचा घ्या, तुमच्याकडे कारवीच्या खुंट्या आणि बाभळीचे काटे दोन्ही आहेत.

उंचीचा हिशोब लोक चुकवतात. २५ चे २७ केले म्हणून गाडी दोन इंच उचलत नाही. मधला आस निम्म्यानेच वर जातो, म्हणजे एक इंच. २८ केले तर दीड इंच. त्या जास्तीच्या अर्ध्या इंचासाठी काय काय मोजावं लागतं ते आता ऐका, कारण मी ते मोजलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने २८ चे टायर आणून दिले आणि स्वतःच मागे हटला. टायर गॅरेजच्या माळ्यावर पडून होते. माझ्याकडेही तेव्हा याच ताकदीची एक जुनी गाडी होती. म्हटलं, बघू तरी. बसवले. गाडी काय दिसत होती! गल्लीतली पोरं फोटो काढायला आली. रविवारी पिकअपमध्ये घालून वाडीवऱ्हेच्या पुढे मावसभावाच्या शेतावर नेली. सपाट खाचरात पहिले दोन बांध मस्त पार झाले. तिसऱ्या बांधाला चढ होता, मी हाय गिअरमध्येच होतो, अंगात मस्ती. गाडी दबली, मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडायला लागलं पण चाक फिरेना. मग तो वास आला. चुलीत रबरी चप्पल पडल्यावर येतो ना, तसाच. मी अजून थोडं दाबलं. चाळीस वर्षं पाने हातात धरलेला माणूस, तरी दाबलं.

मावसभावाने बैलजोडी आणली. बैलांनी गाडी ओढून काढली तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘दादा, ह्यांना बेल्ट नसतो.’

घरी आल्यावर कव्हर उघडलं. आत काळी भुकटी, दळणाच्या डब्याच्या तळाला साचते तशी. बेल्ट हातात घेतला. त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू आरशासारख्या चकचकीत झालेल्या आणि एका जागी बोटभर रुंदीचा खड्डा, जिथे पुढची पुली त्याच्यावर घासत राहिली होती. बेल्ट तिथे बारीक, पुढे पुन्हा जाड. असा बेल्ट तुटलेला नसतो, पण मेलेला असतो.

असं का होतं ते सांगतो. तुमच्या गाडीत मोटारसायकलसारखे एकामागून एक टाकायचे गिअर नाहीत, हाय आणि लो एवढेच. स्कूटरसारखा बेल्ट आहे, दोन पुल्यांमध्ये चिमटीत धरलेला. टायर मोठा केला म्हणजे तुम्ही नकळत गिअर चढवलात. २७ ला ओढ साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी होते, २८ ला जवळजवळ अकरा टक्के. वर चिखलाच्या टायरचं वजन. मी शेजारच्या कांद्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं होतं. कंपनीचा पुढचा टायर आठ किलो, तो २८ चा साडेचौदा. हे वजन पाठीवर घेतलेलं नसून फिरवायचं असतं, तेही चाकाच्या अगदी कडेला. त्यात दातांमध्ये दोन-तीन किलो चिखल. सगळा भार शेवटी त्या चिमटीवर येतो. चिमटी सुटली की बेल्ट घासतो, घासला की तापतो, तापला की वास.

म्हणून २७ टाकल्यावरही एक सवय लावून घ्या. चिखलात शिरण्याआधी लो गिअर. शिरल्यावर नव्हे, आधी. बांध चढायचा असेल तरी लो. सामान भरलेलं असेल तर सगळीकडे लो. क्लचच्या, म्हणजे त्याच पुल्यांच्या, स्प्रिंगा आणि वजनं बदलायचा किट मिळतो, २८ ला तो जवळजवळ घ्यावाच लागतो. २७ ला आधी एक पावसाळा तसाच काढा, मग ठरवा. बेल्ट मात्र एक जास्तीचा घरात ठेवा आणि तो बदलायचा कसा ते उन्हाळ्यात, सावलीत, चहा पीत शिकून घ्या. भर पावसात कुणी शिकवणार नाही.

टायर बसवण्याआधी घासतो का ते बघायचं, आणि ते रिकाम्या गाडीवर बघून उपयोग नाही. पुढच्या कॅरिअरवर दोन माणसं बसवा, स्प्रिंगा दबू द्या, मग हँडल एका टोकाला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या टोकाला. टायर आणि मडगार्ड, टायर आणि पायाजवळचं प्लास्टिक, टायर आणि आतली सस्पेन्शनची दांडी, तिन्हीकडे किमान दीड बोट जागा पाहिजे. चिखलालाही जागा लागते, हे विसरतात. आणि छापलेल्या मापावर जाऊ नका. काही २७ हवा भरल्यावर साडेसव्वीस भरतात, काही पुरेपूर. दुकानात एक टायर रिमवर चढवून, हवा भरून, जमिनीपासून टेपने मोजू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर दुकान बदला.

घासतंय म्हणून कुणी सांगेल, स्पेसर टाका, चाक बाहेर काढा. कुणी सांगेल, गाडी उचलायचा किट टाका. पहिल्याने बेअरिंगवर आणि बॉलजॉइंटवर भार वाढतो. दुसऱ्याने एक्सल तिरके होतात, त्यांच्या रबरी बुटांना चिरा पडतात, आत चिखल गेला की सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा वळणारा सांधा, कडकड वाजायला लागतो. तुमची गाडी सिलिंडर वाहते, शर्यतीला जात नाही. २७ घासत असेल तर २६ घ्या आणि शांत झोपा.

हवेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान बघतो. या टायरला पाच ते सात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. पाच ते सात! नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला हे सांगितलं की तो तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो. मागच्या मे महिन्यात एक गाडी आली, चालवणारा म्हणे पाठ मोडली, बांधावर उडते. पोराने मोटारसायकलसारखी तीस भरून दिली होती. टायर फुग्यासारखा गोल, मधली दातांची रांग झिजलेली आणि कडेची नवीकोरी. आता गंमत अशी, की पेट्रोल पंपावरच्या मीटरला इतका कमी आकडा नीट दिसत नाही. छोटा, कमी दाबाचा गेज मिळतो, तो आणि बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर सीटखाली ठेवा. खाचरात सहा, निफाडला काळ्या मातीत पाच. सामान भरलं की गाडीवर चिकटवलेल्या कागदात दिलंय तेवढं. नवीन टायर रिमवर बसवताना बीड, म्हणजे टायरची आतली कड, ‘टक’ करून बसायला जास्त दाब द्यावा लागतो, पण किती द्यायचा ते टायरच्याच अंगावर छापलेलं असतं. त्याच्या पुढे जाऊ देऊ नका. साबणाचं पाणी लावा, घाई नको, आणि कुणीही तोंड वाकवून आत बघत बसू नये.

टायरच्या अंगावर बाण असतो. बाणाच्या दिशेने चाक पुढे फिरलं पाहिजे. उलटा बसला तर चिखल बाहेर फेकायच्या ऐवजी आत खेचतो. हसण्यासारखं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांत एक तरी तशी असते.

चिखलातून आलात की टायर नंतर धुवा, रेडिएटर आधी. त्याच्या जाळीत चिखल वाळला की वीट होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी तापते, मग सगळे नवीन टायरला शिव्या घालतात. साध्या नळीने, आतून बाहेर, हलक्या धारेने. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा रेडिएटरवर आणि एक्सलच्या सीलवर मारू देऊ नका. पाण्यातून गेला असाल तर बेल्टच्या कव्हरच्या तळाचं बूच काढून बघा, पाणी असेल तर काढून टाका.

२७ लावल्यावर वेगाचा काटा ४० दाखवेल तेव्हा तुम्ही ४३ ने जात असाल. खाचरात काही फरक नाही, पण उतारावर गाडी आधीपेक्षा उंच आहे हे अंगाला कळायला चार दिवस लागतील. पाहुण्यांना चालवायला देत असाल तर एक गोष्ट स्पष्ट लिहितो, तुम्ही विचारली नाहीत तरी. तुमच्या गाडीचं सीट एकट्याचं आहे. मागे बसवून फोटो काढायचं बंद करा. सोळा वर्षांच्या आतल्या पोराला हँडल देऊ नका, बाप कितीही म्हणाला तरी. ही सूचना गाडीवरच चिकटवलेली असते. हेल्मेट तंबूत टांगून ठेवायला नसतं.

निफाडचं काय? एकाच टायरला दोन्ही चिखल जमणार नाहीत. २७×१० हा मधला मार्ग आहे, हवा एक पीएसआय कमी केली की बागेतही चालेल. बाकी भावाला सांगा, पाऊस पडल्यावर काळ्या मातीत दोन दिवस गाडी घालूच नये. आपले वाडवडील बैलगाडीही घालत नव्हते.

प्रश्न : मोहाडीला द्राक्षबाग आहे. एटीव्हीला मागे छोटी ट्रॉली लावून क्रेट ओढतो. पुढचे टायर चांगले आहेत, फक्त मागचे दोन मोठे चिखलाचे टाकले तर चालेल का? दुकानदार म्हणतो चालेल.
(द्राक्षबागायतदार, ता. दिंडोरी)

उत्तर : दुकानदाराकडे दोनच उरले असतील. दादा, असं करू नका. अशा बऱ्याच गाड्यांत फोर व्हीलचं बटण दाबलं तरी पुढची चाकं लगेच ओढत नाहीत, मागची थोडी घसरली की मग पुढची पकड घेतात. गाडी हे चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखते. मागचा टायर मोठा केला की त्याच्या फेऱ्या कमी, पुढच्याच्या तेवढ्याच. मग मागची चाकं बऱ्यापैकी रुतेपर्यंत पुढची गप्प बसतात आणि तुम्ही म्हणता फोर व्हील बिघडली. ज्या गाडीत चारही चाकं कायम जोडलेली राहतात तिथे तर डिफरन्शिअल आणि शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात. बदलायचे तर चारही, आणि पुढचे-मागचे उंचीला सारखे.

दुसरं, तुम्हाला चिखलाचे टायर हवेतच कशाला? ट्रॉली ओढता, ओळींमधून फिरता, टोकाला वळता. तिथे उंच दात तुमच्या ड्रिपच्या सोळा एमएमच्या नळीवर चढले की नळी गेली. वळताना खोडाजवळची माती उकरतील ते वेगळंच. साध्या, कमी दातांच्या ऑल टेरेन (सगळ्या जमिनींवर चालणाऱ्या) टायरमध्ये हवा सहावर आणा आणि ट्रॉलीत क्रेट कमी भरा. ट्रॉलीच्या टायरमध्ये किती हवा आहे ते एकदा बघा बरं. माझा अंदाज, निम्मी अडचण तिथे आहे.

प्रश्न : काका, माझी एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली आहे. चिखलाचे मोठे टायर टाकून त्र्यंबक रोडने शेतावर जाऊ शकतो का? आवाज फार येतो म्हणतात.
(नाशिकरोड)

उत्तर : आवाज येतो, आणि नुसता आवाज नाही. डांबरावर ते मऊ रबराचे दात खडूसारखे झिजतात. पावसाळ्यात ज्यासाठी घेतले ते दात उन्हाळ्यात रस्त्यावर घासून ठेवाल. गाडी मधूनच डुलते, ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं, ओल्या डांबरावर तर फारच.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. टायरचं माप बदलण्याआधी आरटीओत जाऊन तोंडी नव्हे, लेखी विचारा. अपघात झाला तर विम्यावाला पहिला फोटो टायरचाच काढतो. सगळ्यात सोपं म्हणजे शेतावर एक जास्तीचा रिमसेट चिखलाच्या टायरसह ठेवा. जाताना कंपनीचे टायर, पोचल्यावर चार चाकं बदलायची. चार नट एका चाकाला, जॅक असला की पाऊण तासाचं काम. नट मात्र टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळायच्या पान्याने) आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा.